पाण्यावरची बाग

वैशाख लागला, की मुंबईचा उन्हाळा खऱ्या अर्थाने सुरू होतो. नागपूर-चंद्रपूरकडचा माणूस या उन्हाळ्याला प्रथम हसतो. त्याच्या गावी पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असतो आणि येथे तो ३३-३४ अंशांवरच थांबलेला असतो. परंतु दोन दिवस मुंबईत काढले, की त्याचे हसू मावळते. विदर्भातील ऊन कोरडे. तेथे अंगावर घाम येतो तसा तो वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता बरोबर घेऊन जातो. मुंबईची हवा समुद्राच्या बाष्पाने आधीच ओथंबलेली. तीत घाम वाळायचा कसा? तो नुसता निथळत राहतो. मे महिन्याच्या मध्यावर तर भर दुपारचा सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास उन्हात सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. सावलीनेच जेथे काढता पाय घेतला, तेथे माणसाने कोणाच्या आश्रयाला जावे?

अशा दिवसांत मुंबईकराचे सारे लक्ष संध्याकाळकडे लागलेले असते. घरांच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि दिवेलागणीनंतर ते घरात ओततात. एका खोलीत पाच-सहा माणसे. त्यांत सुटीसाठी गावाहून आलेली भावंडे. पंखा फिरतो, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करतो. मग कोणीतरी म्हणते, "चला, बागेत जाऊ." एवढ्या तीन शब्दांनी घरात जी धांदल उडते, ती पाहण्यासारखी असते. ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांचे अंगण म्हणजे सार्वजनिक बाग. तेथे जाण्यास कोणाचे आमंत्रण लागत नाही आणि बागेच्या दारात कोणी कोणाची जात, भाषा किंवा मिळकत विचारीत नाही.

मुंबईत अशा बागा पुष्कळ आहेत. परंतु उन्हाळ्याच्या संध्याकाळी गेल्या कित्येक पिढ्यांचे पाय वळत आले, ते मलबार टेकडीवरील बागेकडे. तिचे नाव फिरोजशहा मेहता उद्यान. लोक मात्र तिला 'हँगिंग गार्डन' या इंग्रजी नावानेच ओळखतात. हँगिंग गार्डन म्हणजे टांगलेली बाग! गावाहून आलेली मुले हे नाव ऐकून चकित होतात आणि टेकडी चढताना माना वर करून ती टांगलेली बाग शोधू लागतात. ती कोठेच टांगलेली दिसत नाही. नावाचे हे कोडे बागेत गेल्यावरच, आणि तेही जरा उशिराने, सुटते.

ग्रँट रोड स्थानकावरून पायी निघाले, तर वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान लागते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव येथेच संमत झाला. या मैदानाचे जुने नाव 'गोवालिया टँक'. येथे पूर्वी तलाव होता आणि गवळी आपली गुरे त्याच्या पाण्यावर आणीत. आज तलाव दिसत नाही. नाव तेवढे उरले आहे. हे नाव मनात जपून ठेवावे, कारण टेकडीवर गेल्यावर त्याची पुन्हा गरज पडणार आहे. पुढे केम्प्स कॉर्नरचा चौक ओलांडला, की बाळ गंगाधर खेर मार्गाचा चढ सुरू होतो. जुन्या मुंबई राज्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचे नाव या रस्त्याला दिले आहे. म्हातारी माणसे बसने वर जातात; मुले मात्र चढणच पसंत करतात.

टेकडी फार उंच नाही. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ५० मीटर. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मुलाला तर ती टेकाडच वाटेल. परंतु एवढ्याशा चढणीनेही हवेत केवढा फरक पडतो! खाली गल्लीत पान हलत नव्हते. येथे वळणावर येताच कपाळावर वाऱ्याची झुळूक येते. तिचे कारण समुद्रात आहे. उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची रिकामी जागा भरण्यासाठी समुद्रावरची थंड हवा किनाऱ्याकडे धावते. दुपारनंतर या वाऱ्याला जोर चढतो. सखल भागातील उंच इमारती त्याला अडवितात. टेकडीच्या माथ्यावर तो मोकळा भेटतो. गावी वावटळ अंगावर घेणाऱ्या मुलाला हा वारा चिमुकला वाटेल. पण दिवसभर घामाने चिंब झालेल्या मुंबईकराला तो अमृतासारखा लागतो.

बागेच्या दारातून आत पाऊल टाकले, की प्रथम डोळ्यांत भरते ती हिरवळ. दिवसभर डांबर आणि सिमेंट यांवर भाजलेल्या पायांना तिचा स्पर्श होतो, तेव्हा लहान मुले नकळत थांबतात. गवताची पाती दिवसभर मुळांवाटे पाणी ओढून ते वाफेच्या रूपाने हवेत सोडीत असतात. या कामी उष्णता खर्च होते. म्हणून हिरवळ फरसबंदीसारखी तापत नाही. एखादी आजी ओंजळभर शेंगदाणे पदरात घेऊन बाकावर बसते आणि म्हणते, "अगो बाई, इथं किती गार आहे!" तिला बाष्पीभवनाचा पाठ ठाऊक नसतो, परंतु त्याचा अर्थ तिला पुरता कळलेला असतो.

या बागेची खरी ख्याती तिच्यातील हिरव्या प्राण्यांमुळे आहे. येथे झुडपांचा हत्ती उभा आहे, जिराफ मान उंचावून पाहत आहे, बैल आहेत. सगळे पानांचे! झुडूप वाढत असता त्याला तारांच्या सांगाड्यातून वळण द्यायचे आणि सांगाड्याबाहेर डोकावणारी प्रत्येक फांदी कात्रीने छाटायची, अशी ही कला आहे. ती वाचताना सोपी वाटते. पण झाड एका जागी थांबत नाही. चार आठवडे माळी आला नाही, तर हत्तीला शिंगे फुटतात आणि जिराफाला दाढी येते. पावसाळ्यात तर माळ्याची कात्री आणि झुडपांची वाढ यांची शर्यतच लागते. झाडाने झाडासारखेच दिसावे, त्याला हत्ती कशाला करावयाचे, असे म्हणणारे रसिक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मात्र पाच वर्षांचे पोर त्या हत्तीच्या सोंडेकडे पाहून टाळ्या पिटू लागले, की हा वाद तेथेच मिटतो.

सहा वाजून गेले, की बाग भरू लागते. गिरगावातील चाळींतून आलेली कुटुंबे, गुजराती व मारवाडी घरांतील बायका-मुले, पारशी म्हातारे, हातात काठी घेऊन ठरलेल्या गतीने ठरलेल्या फेऱ्या घालणारे निवृत्त गृहस्थ, बसमधून उतरलेले परगावचे प्रवासी. एका वाटेवरून दहा पावले चालावे आणि पाच भाषा कानी पडाव्या. कोणी गप्पा मारतो, कोणी नुसताच बसून राहतो. नुसते बसून राहणे हेही एक काम आहे आणि शहरात त्यासाठी जागा मिळत नाही. बागेत ती मिळते.

मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्याआधी थोडा वेळ सारी बाग जणू पश्चिमेकडे सरकते. झाडांच्या फटींतून अरबी समुद्र दिसत असतो. दुपारी ज्याच्याकडे पाहवत नव्हते, तो सूर्य आता तांब्याच्या परातीसारखा शांत झालेला असतो. तो पाण्याला टेकतो, अर्धा होतो, नखाएवढा उरतो आणि नाहीसा होतो. क्षणभर कोणी बोलत नाही. मग एखादे लहान मूल "गेला!" म्हणून ओरडते आणि सगळे हसतात.

याच वेळी, काळोख पुरता पडण्याआधी, चौकस मुलाच्या मनात एक शंका येते. बागेच्या कडेकडेने मोठे वृक्ष आहेत. पण मधल्या एवढ्या प्रशस्त भागात सारी हिरवळ, फुलझाडे आणि कातरलेली झुडपेच का? येथे ऐसपैस वड किंवा पिंपळ कोणी का लावला नाही? उन्हाळ्यात त्याची केवढी सावली झाली असती! या शंकेचे उत्तर मुलाच्या पायाखालीच असते. तो ज्या हिरवळीवर उभा आहे, ती साधी जमीन नव्हे. ते एका प्रचंड टाकीचे छप्पर आहे. छपरावर मातीचा थर घातला आहे आणि त्या थरावर ही बाग फुलविली आहे. थर बेताचा, त्यात गवत आणि झुडपे सुखाने नांदतात. वडाची मुळे मात्र खडकही फोडतात. ती छपरातून खाली उतरली, तर टाकीला तडे जायचे. बाग टांगलेली नाही, पण ती जमिनीवरही नाही. ती पाण्यावर आहे. 'हँगिंग गार्डन' या नावाचे कोडे उलगडते, ते असे.

ही टाकी १३५ वर्षांहूनही जुनी आहे. तिच्यात सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. हा आकडा एकदम डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून असे समजावे, की १५ लिटरच्या बादलीने ही टाकी भरावयाची झाली, तर ९८ लाख बादल्या ओताव्या लागतील. माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर एवढ्या साठ्यावर जवळजवळ ११ लाख माणसांचा एक दिवस निभेल. दक्षिण मुंबईतील कित्येक घरांच्या नळांना येणारे पाणी आदल्या रात्री या हिरवळीखाली विसावलेले असते. संध्याकाळी जे मूल येथे लपंडाव खेळून जाते, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कदाचित याच पाण्याने तोंड धुते. मात्र या दोन गोष्टींचा काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

टाकी टेकडीवरच का बांधली, हे समजणे अवघड नाही. पाणी उंचावर साठविले, की ते आपल्याच भाराने उताराकडे धावते आणि खालच्या वस्तीत पोचते. दुसरी गोष्ट अशी, की दुरून येणारे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून रात्रंदिवस वाहत असते. माणसे मात्र ते रात्रंदिवस वापरीत नाहीत. पहाटेपासून सगळे नळ एकदम मागणी करू लागतात. म्हणून रात्रीचे पाणी कोठेतरी साठवून ठेवावे लागते. घरातील रांजणाचे जे काम, तेच शहरातील या टाकीचे काम. आणि टाकी झाकावयाची का? उघड्या पाण्यावर ऊन पडले, की त्यात शेवाळ धरते. डास अंडी घालतात. पक्षी चोचीत धरलेले काहीबाही त्यात टाकतात. छप्पर घातले, की पाणी अंधारात, थंड आणि स्वच्छ राहते. छपरावर माती पडली, की उन्हाची झळ आणखी कमी लागते. मग मातीवर गवत आले. जेथे केवळ ओबडधोबड छप्पर राहावयाचे, तेथे कोणाला तरी बाग सुचली, हे त्या कोणाचे मोठेपण म्हटले पाहिजे. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही पाण्याची अशीच टाकी आहे आणि तिच्यावरही बाग आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बॅप्टिस्टा यांचे नाव तिला दिले आहे.

येथे गोवालिया टँकची आठवण करावी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईला नळ नव्हते. विहिरी आणि तलाव यांवरच गाव जगत असे. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे त्या काळची. उन्हाळा वाढला, की विहिरी तळ दाखवीत, तलावांचे पाणी गढूळ होई आणि त्यातून रोगराई पसरे. वस्ती तर वर्षागणिक वाढत होती. अखेर बेटाबाहेरून पाणी आणण्याचा निश्चय झाला. १८६० साली विहार तलावाचे काम पूर्ण झाले आणि मुंबईत नळाने पाणी येऊ लागले. १८७९ साली तुळशी तलाव, १८९२ साली तानसा, असे पाणी दुरून दुरून येत गेले. वैतरणा नदीवरील 'मोडकसागर' १९५७ साली तयार झाला. महापालिकेतील मोडक या मराठी अभियंत्याचे नाव त्याला लाभले आहे. आज सात तलावांचे पाणी मुंबईला पोचते. त्यांतील काही तलाव शंभर किलोमीटरपलीकडे आहेत. त्यांचे बरेचसे पाणी पंपाच्या मदतीवाचून, केवळ उताराच्या बळावर, शहराच्या वेशीपर्यंत येते. पाणी आले आणि जुने तलाव एकेक करून बुजविले गेले. त्यांच्या जागी मैदाने झाली, रस्ते झाले, बाजार झाले.

ज्यांचे नाव या बागेला दिले आहे, त्या फिरोजशहा मेहतांचा आणि शहराच्या अशा कामांचा संबंध निकटचा होता. १८४५ साली मुंबईत जन्मलेले मेहता मोठे कायदेपंडित होते. १८९० साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण मुंबई त्यांना स्मरते, ती महापालिकेसाठी. शहराचा कारभार शहरातील लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती असावा, यासाठी ते आयुष्यभर झगडले आणि १८८८ सालच्या महापालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पाणी, गटारे, दिवे, रस्ते हे विषय भाषणांत चमकत नाहीत. तरीही सकाळी नळ कोरडा राहिला, म्हणजे त्यांचे महत्त्व घरोघर कळते.

आता उन्हाळ्याचीच एक दुसरी बाजू. सातही तलाव पावसाळ्यात काठोकाठ भरले, तर ते पाणी मुंबईला वर्षभर कसेबसे पुरते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची मिळकत बारा महिने पुरवून खावयाची, असा हा संसार आहे. म्हणून मे महिना उजाडला, की तलावांत किती साठा उरला, हे वर्तमानपत्रे छापू लागतात आणि पाऊस लांबला, तर महापालिका पाणीकपात जाहीर करते. त्या दिवसांत मुंबईकर कुरकुरतो. त्याची कुरकुर समजण्यासारखी आहे. परंतु तानसा आणि भातसा हे तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. मुंबईचे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत जाड नळांतून वाहत जाते आणि तेथील बायका-मुली मात्र डोक्यावर हंडे घेऊन ऊन तुडवीत असतात. टेकडीवरच्या हिरवळीखाली जे पाणी गार झालेले असते, त्यामागे हीही एक पायपीट आहे. हा प्रश्न सोपा नाही. लहान वस्त्या डोंगराळ भागात विखुरलेल्या आहेत, त्या तलावापेक्षा उंचावर आहेत, अशी कारणे सांगितली जातात. ती खरीही असतील. पण ज्या गावच्या शिवारात धरण आहे, त्याच गावच्या घशाला कोरड पडावी, हे कोणत्याही कारणाने बरे दिसत नाही.

टाकी आणि बाग यांनी एकमेकींना शंभराहून अधिक वर्षे सांभाळले. २०२२-२३ साली मात्र दोघींवर एकदमच संकट आले. टाकी जुनी झाली, ती पाडून अधिक मोठी बांधावी, अशी योजना महापालिकेने पुढे आणली. त्यासाठी बाग काही वर्षे बंद ठेवावी लागणार होती आणि ३८९ झाडांना बाधा पोचणार होती. त्यांतील काही तोडावयाची होती, काही मुळासकट काढून दुसरीकडे लावावयाची होती. ही वार्ता कळताच आसपासचे नागरिक अस्वस्थ झाले. त्यांनी सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या.

या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते, हे विसरता कामा नये. जुनी टाकी खचली, तर लाखो लोकांचे पाणी तुटेल. अशी जबाबदारी ज्यांच्या शिरावर आहे, त्यांनी वेळीच सावध होणे योग्यच. उलट, वाढलेले झाड एकदा पडले, की त्याची सावली परत मिळविण्यास एक पिढी जाते. तेव्हा पाडण्याआधी दुरुस्ती होते का, हे पाहा, असे नागरिकांचे म्हणणे. नुसत्या भांडणाने यातून वाट निघाली नसती. २०२३ च्या अखेरीस तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तीत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक होते आणि नागरिकांच्या बाजूचे जाणकारही होते. टाकीला वेगवेगळे कप्पे आहेत. कप्पा रिकामा करून ही मंडळी आत उतरली. ज्या भिंतींना एरवी माणसाचे दर्शनही घडत नाही, त्या भिंती, खांब आणि छप्पर त्यांनी जवळून पाहिले. टाकी पाडण्याची गरज नाही, ती दुरुस्त करता येईल, असे समितीतील प्राध्यापकांचे व नागरिकांच्या बाजूच्या जाणकारांचे मत पडले. सर्वांचे मत तेव्हाच जुळले असे नाही. चर्चा पुढेही बरीच चालली. अखेर पाडापाडीचा बेत मागे पडला आणि दुरुस्तीचा मार्ग पत्करण्यात आला. छपराखाली उतरून कोणी दिवा धरला नसता, तर वरच्या हत्ती-जिराफांचे काय झाले असते, कोणास ठाऊक!

सूर्य मावळला, तरी लोक लगेच घरी जात नाहीत. रस्ता ओलांडून ते समोरच्या कमला नेहरू उद्यानात शिरतात. हे उद्यान १९५२ सालचे. येथील 'म्हातारीचा बूट' ठाऊक नाही, असे मूल मुंबईत विरळाच. बुटात राहणाऱ्या एका म्हातारीचे इंग्रजी बालगीत आहे. त्यावरून हे बुटाच्या आकाराचे घर सुचले. आतील जिन्याने वर चढायचे, बुटाच्या तोंडातून डोके बाहेर काढायचे आणि खाली उभ्या असलेल्या आईला हाक मारायची. यासाठी मुलांची रांग लागते. आजोबांनी लहानपणी येथूनच हाक मारली होती, हे ऐकून नातवाला आजोबांविषयी नवा आदर वाटू लागतो. २०२५ साली याच परिसरातील दाट झाडीतून ४८५ मीटर लांबीचा एक लाकडी उंच मार्गही तयार झाला आहे. त्यावरून चालताना पायाखाली जमीन नसते, बाजूला झाडांचे शेंडे असतात. ज्यांना झाडावर चढता येत नाही, त्यांची हौस तेथे भागते.

पण या उद्यानाचे मुख्य वैभव त्याच्या कठड्याशी आहे. तेथे उभे राहिले, की खाली गिरगावची चौपाटी आणि तिच्यापासून दूरवर वळत गेलेला मरीन ड्राइव्हचा रस्ता दिसतो. उजेड ओसरतो आणि दिवे लागतात. प्रथम चार, मग चाळीस, मग पाहता पाहता सारा किनारा उजळतो. काळ्या पाण्याच्या गळ्यात दिव्यांची माळ पडते. लोक तिला 'राणीचा रत्नहार' म्हणतात. खाली मोटारींचे दिवे मुंग्यांच्या रांगेसारखे सरकत असतात. त्यांतील काही एकाएकी दिसेनाशा होतात; कारण २०२४ साली खुल्या झालेल्या किनारी रस्त्याचे दोन बोगदे याच टेकडीच्या पोटातून गेले आहेत. माथ्यावर बाग, बागेखाली पाणी आणि तळाशी धावणाऱ्या मोटारी! एवढीशी टेकडी, पण तिच्यावर केवढा संसार आहे!

नऊच्या सुमारास रखवालदाराची शिटी वाजते. बाकांवरून माणसे सावकाश उठतात. झोपलेले मूल खांद्यावर घेऊन बाप उतार उतरू लागतो; आई चपला हातात घेऊन मागून येते. खाली पुन्हा तीच गरम गल्ली असते, पण आता तेथेही हवा थोडी निवलेली असते. दारे बंद झाल्यावर बागेत कातरलेले हत्ती आणि जिराफ एवढेच उरतात. त्यांच्या पायाखाली, अंधारात, टाकीतील पाण्याची पातळी बोटाबोटाने चढू लागते. पहाटे शहर झोपेत असताना महापालिकेचा चावीवाला लांब दांड्याची चावी घेऊन रस्त्यावर येतो, झाकण उघडतो आणि झडप फिरवितो. गिरगावातील एखाद्या चाळीच्या नळाला आधी नुसती फुसफुस ऐकू येते. मग पाणी येते.